दोन्या एतेलविनांनी फोन माघारी धाडिला त्याची हकिकत

सांता रुफिना कसब्यात, कॉफीच्या मळ्यांच्या उतारावर, जानेवारीच्या वाऱ्याने पत्रे खडखडत असतां जी मोहीम जाहली, तिची हकिकत हरेकाने आपापल्या दारी आपापल्या सोयीने सांगितली. कोणी म्हणे फत्ते कुत्र्याने केली, कोणी म्हणे बाईंच्या हिमतीने, आणि ज्यांनी काहीच पाहिले नाही त्यांनी सर्वांत लांबवून सांगितले. सबब खरे वर्तमान एकवार कागदावर यावे म्हणोन हा लेख मांडिला आहे. लिहिणार त्याच गल्लीतला, दोन्या एतेलविनांच्या हातचे मक्याच्या पिठाचे तामाल खाऊन वाढलेला. तत्रापि जेथे बाईंची चूक, तेथे चूकच लिहिली आहे.

दोन्या एतेलविना किरोस, उमर एकाहत्तर, घरोघर जपमाळ सांगणाऱ्या; दोन्या म्हणजे त्या मुलखी बाई, जैसे दॉन म्हणजे राव. नाताळ सरला तरी दरघरी बाळ येशूच्या गोठ्याचा देखावा मांडिला असतो, तो जपमाळ म्हटल्यावाचून उतरवितां येत नाही आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या तारखेपुढे ठेवितांही येत नाही. त्या मुदतीत कसब्यातील एकेचाळीस घरे बाईंच्या अमलाखाली असत. आणि या मुलखाचा सारा कारभार बटणांच्या एका जुन्या फोनावर चाले. त्यात घरांची नावे बाईंनी आपल्या रिवाजाने घातलेली : "पुलापलीकडची, तामालात मनुका घालते", "रडकी फ्लोरी", "चांगली कॉफी". फोन वाजे, बाई नाव पाहत, आणि पलीकडून शब्द निघण्याआधीच "बोला, दोन्या फ्लोरी" म्हणत. लोक थक्क होत. बाईंचा वचक होता तो याच्यावर.

ऐशी बरकत असतां दगा घरातूनच जाहला. भाची मारियेलोस, एरेदिया शहरी बँकेत नोकरीस, तिने प्रीतीने कुंपणी सरकारच्या ऑनलाइन दुकानातून भल्या थोरल्या काचेचा नवा फोन मागविला. मागविला तो "जुना द्या, नवा घ्या" या कलमाने. जानेवारीच्या सातव्या तारखेस भाची स्वतः वाट दाखवीत असतां कुंपणीचा हरकारा नवा फोन देऊन गेला आणि जुना कैद करून घेऊन गेला. भाचीने जुन्यातली नंबराची चकती तेवढी आधी काढून नव्यात घातली; एकेचाळीस नावे जुन्याच्या पोटीच राहिली. कुंपणीचे फर्मान ऐसे होते जे, आठ दिवसांत नवा परत केल्यास जुना सुटेल, न केल्यास जुन्याचा भुगा करण्यात येईल.

मग तीन दिवस झटापट जाहली. चाळीस वर्षे मक्याचे पीठ मळून आणि उकळत्या पाण्यातून तामाल काढून बाईंच्या बोटांची टोके पार गुळगुळीत जाहली होती; काच त्या बोटांस माणूस मानीना. दहांत एखादा फोन उचलला जाई, आणि तोही बिननावाचा. दहाव्या तारखेस बाईंनी आवाजावरून ओळखून एका लेकीचे, तिच्या आईस स्वर्ग लाभो म्हणोन, भरल्या गळ्याने सांत्वन केले. पलीकडे आईच होती. ते घर त्याच दिवशी हातचे गेले. दुसरी दोन घरे फोन वाजून वाजून कंटाळली आणि दोन्या ओदिली सोलानोंकडे गेली, ज्या कसब्यातील दुसऱ्या जपमाळ सांगणाऱ्या. आणि तिकडे जाते घर परत येत नसते. त्या रात्री दोन्या एतेलविनांस जेवण गेले नाही. सुलतान नामे त्यांचा कुत्रा, त्यासही त्या मुलखाच्या चालीप्रमाणे अहोजाहोच करीत, त्यास म्हणाल्या, "सुलतान, तुम्ही तरी खाऊन घ्या."

सकाळी शेजाऱ्याच्या फोनावरून भाचीस गाठले.

"मावशी, नवा आहे. शिकाल हळूहळू."

"मारियेलोस, बाळा, मी शिकेन हो, पण तो शिकत नाही. बोट लावलं तर ढिम्म हलत नाही, आणि एप्रनला घासला तर अर्ध्या गावाला फोन लावतो. परत करा त्याला."

"बरं. ते लोक न्यायला येतील. पत्ता सांगा."

"इगेरोन होता तिथून दोनशे मीटर दक्षिणेला, पन्नास पश्चिमेला. हिरवं फाटक. कुत्रा आहे."

"घराचा नंबर मागतायत, मावशी."

"माझं घर काय तुरुंगातला कैदी आहे, नंबर द्यायला?"

येथे जाणावे जे, घरास आकडा देणे ही चाल त्या मुलखात नाही. पत्ता सांगावा तो खुणेवरून, आणि खूण जितकी जुनी तितकी खानदानी. नाहीशी जाहलेली असल्यास उत्तमच. इगेरोन म्हणजे वडाच्या जातीचा महावृक्ष. तो चाळीस वर्षांमागे वादळात पडला, आणि त्याच्या जागी आता टायरांचे दुकान आहे. तत्रापि सारे कसब्याचे पत्ते त्याच्यापासूनच मोजीत. परंतु नगरपालिकेने पुढे गावाच्या दुसऱ्या टोकास नवा इगेरोन लाविला होता, आणि तोही आठ वर्षांमागे गाड्या लावण्याच्या जागेसाठी तोडिला. ऐसे एका कसब्यात दोन नसलेले वृक्ष जाहले, एक थोरला आणि एक धाकटा. म्हातारी माणसे थोरल्यावरून मोजीत, तरुण धाकट्यावरून. दोन्या एतेलविनांनी मात्र धाकट्यास, तो असतां वा नसतां, कधी मानिलेच नाही.

तेव्हां तेराव्या तारखेस कुंपणीचा दुसरा हरकारा ग्रेविन मादरिगाल, जातीचा भला पण राहणार परगावचा, धाकट्यापासून मोजून गेला आणि तेथोन लिहून पाठविले जे, फाटक निळे, कुत्रा नाही, सबब घर नाही. कुंपणीने त्याच जागी नकाशात टाचणी मारिली आणि दुसरे फर्मान सोडिले जे, पंधराव्या तारखेस सायंकाळी पाचपर्यंत अखेरची फेरी होईल. मग दाद लागणार नाही.

पंधराव्या तारखेस दोन प्रहरी दॉन विल्बेर्तांच्या किराणा दुकानी मसलत बसली. दॉन विल्बेर्त बाईंचे शेजारी, ज्यांच्या फोनावरून भाचीस गाठले तेच. अंगाने उंच, बोलण्यात कमी. बाईंचे म्हणणे पडले की हरकाऱ्यास घर सापडले नाही, कारण झाड सापडले नाही, आणि झाड सापडले नाही, कारण ते नाही. तजवीज उघड होती.

"दॉन विल्बेर्त, तुम्ही टायरच्या दुकानासमोर जाऊन उभे राहा."

"आणि करू काय?"

"झाड व्हा."

दॉन विल्बेर्त पेरूची एक पानेरी फांदी हाती घेऊन रवाना जाहले आणि थोरल्याच्या जागी ताठ उभे राहिले. दोन्या एतेलविना नवा फोन त्याच्या खोक्यात निजवून, खोके मांडीवर घेऊन, फाटकात खुर्ची टाकून बसल्या. तीन वाजले, साडेतीन वाजले. चार वाजतां खोक्यातून फोन ओरडू लागला. बाईंनी तो काढून अंगठा घासला, मग तर्जनी, मग अंगठा थुंकीने ओला करून घासला, काच ढळेना. त्या म्हणाल्या, "देवा, आता हा बंद पडला तर सगळंच गेलं," आणि डोळे भरून आले हे खरे लिहिले पाहिजे. तों सुलतान, हे काय खावयाचे आहे म्हणोन पुढे सरसावले, आणि आपले ओले नाक काचेवर आडवे ओढून त्यांनी फोन उचलिला. ज्या काचेने एकाहत्तर वर्षांच्या ख्रिस्ती बाईस जुमानले नाही, ती कुत्र्यास शरण गेली.

"दोन्या, मी ग्रेविन. इगेरोनपाशी उभा आहे."

"खोटं बोलता! इगेरोनपाशी दॉन विल्बेर्त उभे आहेत!"

"इथे कोणी नाही हो, दोन्या. इथे गाड्या लावलेल्या आहेत."

हे ऐकोन बाईंच्या ध्यानी सर्व आले, आणि आपण ज्या झाडास आयुष्यभर हिणविले त्यानेच दावा साधिला हेही कळले. मग उठल्या. खोके काखेत, सुलतान पुढे, वारा समोरून, ऐशी खासा स्वारी कूच करून निघाली, आणि सहा चौक दरमजल न थांबतां हरकाऱ्यापाशी पोचली. खोके त्याच्यापुढे धरिले.

ग्रेविन म्हणाला, "इथे नाही घेता येत, आई. टाचणी आहे त्या दारातच घ्यावं लागतं, हे हातातलं यंत्र मला सोडत नाही. टाचणी हलवायची तर अर्ज, आणि अर्जाला सात दिवस."

"मग चला टाचणीच्या दारी. कुणाचं का असेना."

दोनशे मीटर दक्षिणेस गेले, पन्नास पश्चिमेस वळले, आणि निळे फाटक दिसतांच दोन्या एतेलविनांचे पाय रस्त्यात रुतले. घर दोन्या ओदिली सोलानोंचे होते.

दोघींचे वैर अकरा वर्षांचे. एका जपमाळेत स्वर जुळला नाही, तेव्हां एतेलविनाबाई भर सभेत बोलल्या की, काहींनी देवाला ऐकू जाईल इतपतच गावे, भिंतीला तडे जातील इतके गाऊ नये. त्यावर ओदिलीबाई बोलल्या की, आम्ही निदान जपमाळेचे पाचही टप्पे, सगळी गूढे, म्हणतो, तामाल लवकर मिळावे म्हणोन मधली दोन गिळीत नाही. तेव्हांपासून दोघींनी एकमेकींचा उंबरा पाहिला नव्हता.

ग्रेविन हळूच म्हणाला, "पंधरा मिनिटं राहिली."

दोन्या ओदिली जरबेराच्या कुंड्यांस पाणी घालीत होत्या. वर न पाहतां म्हणाल्या, "परवा पण हाच मुलगा येऊन हिरवं फाटक शोधत होता. मी म्हटलं, इथे सभ्य माणसं राहतात."

"बऱ्या आहात ना, दोन्या ओदिली?"

"देवाची कृपा. तुम्ही?"

"मीही. मला तुमच्या ओट्यावर पाच मिनिटं उभं राहायचंय."

"ओटा माझा आहे."

"म्हणून तर विचारतेय."

मग जो तहनामा ठरला त्याचे कलम एकच : ओट्याच्या बदली टेकडीवरील सात घरे यंदापासून दोन्या ओदिलींकडे. ती सात घरे म्हणजे जपमाळेमागून वाढला जाणारा, कसब्यातील सर्वांत चांगला दूधभात. दोन्या एतेलविनांनी टेकडीकडे पाहिले, आणि कबूल केले. मग फोनातली चकती काढणे आली, आणि तीस टाचणी लागे. ग्रेविनची टाचणी नकाशात होती, हातात नव्हती. तेव्हां ओदिलीबाईंनी आपल्या छातीवरचे पदक उतरवून त्याची पिन दिली. पाचास तीन मिनिटे कमी असतां खोके ओट्यावरून हरकाऱ्याच्या हाती गेले, यंत्र टुणकले, आणि कुंपणीने हार लिहून घेतली. ओदिलीबाईंनी कॉफी पुढे केली. एतेलविनाबाईंनी ती उभ्यानेच घेतली, कारण बसून घेतली असती तर समेट जाहला ऐसे गाव म्हणते. तिकडे दॉन विल्बेर्तांस कोणी कळविले नाही. ते सहापर्यंत झाडच होते.

त्यानंतर नवव्या दिवशी जुना फोन सुटून आला. आला तो अर्थातच टाचणीच्या घरी. दोन्या ओदिलींनी निरोप धाडिला, आणि दोन्या एतेलविना चकती हातरुमालाच्या गाठीत बांधून पुन्हा निळ्या फाटकात आल्या. या खेपेस बसल्या. चकती घातली, फोन उजळला, आणि एकेचाळीस घरे आणि आणखी काही माणसे आपापल्या नावांनिशी परतली. बाईंनी ती बटण दाबदाबून एकेक पाहिली आणि फोन गालास लाविला. ओदिलीबाई खांद्यावरून पाहत होत्या हे बाईंच्या ध्यानी राहिले नाही.

"हे काय लिहिलंय? 'ओदिली, उचलायचा नाही'?"

दोन्या एतेलविनांनी फोन एप्रनाखाली घेतला, पण उशीर जाहला होता.

"अकरा वर्षं माझा नंबर ठेवलात?"

"ठेवावाच लागतो," दोन्या एतेलविना म्हणाल्या. "नाव दिसल्याशिवाय न उचलायचं कसं?"

दोन्या ओदिलींनी आपला फोन काढिला, चष्मा लाविला, आणि आकडे न पाहतां लाविले. एप्रनाखाली वाजू लागले. दोन्या एतेलविनांनी बाहेर काढून नाव वाचिले : "ओदिली, उचलायचा नाही". मेजाच्या पल्याड हातभर अंतरावर दोन्या ओदिली फोन कानाशी धरून खिडकीबाहेर पाहत होत्या. सहा वेळां वाजले. सातव्यास दोन्या एतेलविनांनी हिरवे बटण दाबिले.

"बोला, दोन्या ओदिली."

"टेकडीवरची सात घरं मला एकटीला चढवत नाहीत," पलीकडून आवाज आला. "बरोबर गायला येता का?"

"मधली दोन गूढं गिळणार नाही मी."

"गिळा हो. दूधभात गार होतो."

ऐसे जाहले. दुसऱ्या फेब्रुवारीपूर्वी टेकडीवरील सातही देखावे दोघींनी मिळोन उतरविले, आणि तिसऱ्या घरी भिंतीस तडा गेला तो आधीचाच होता ऐसा घरधन्याने दाखला दिला. कुंपणी सरकारकडून नवा फोन माघारी पोचल्याचे पत्र मारियेलोसकडे आले, ते दॉन विल्बेर्तांच्या दुकानी काचेत लाविले आहे. ज्यास संशय असेल त्याने स्वतः वाचावे. फत्ते दोन्या एतेलविनांची लिहिली आहे. हे सर्व यादीस राहावे म्हणोन लिहिले, कमी असल्यास दोघींस विचारून वाढवावे, पण एका वेळी एकीसच विचारावे.