मागच्या सीटवरचं पीठ

"त्यात काय एवढं! मी घरी करतो!" चष्मेवाला म्हणाला, आणि सफरचंद चिरणाऱ्या बायकोचा हात मधल्यामध्ये थांबला.

बोलून गेल्यावर तोही जरा दचकलाच. पण तोंडातून शब्द सुटला तो सुटला! बावीस वर्षं त्याचं चष्म्याचं दुकान होतं. पाव नंबर इकडचा तिकडे झाला तरी त्याला झोप लागत नसे. जे मोजता येतं ते करता येतं, हा त्याचा बाणा. स्वयंपाकघरात मात्र आजवर त्याची मजल चहापर्यंतच गेली होती, आणि त्या चहाबद्दलही घरात दोन मतं होती.

"तुला सिनॅमन रोल येतो?" बायकोनं विचारलं.

"येत नाही. येईल!"

बायको हसली नाही. विषय हसण्यासारखा नव्हताच. सासऱ्यांना जाऊन आठ महिने झाले होते, आणि तेव्हापासून सासूबाईंचं खाण्यावरचं मनच उडालं होतं. दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. मनगटं काडीसारखी झाली होती. मागच्या वेळी आल्या तेव्हा सहज म्हणून त्यांना कोपऱ्यावरच्या कॉफी शॉपमध्ये नेलं, तर तिथला दालचिनीचा रोल त्यांनी अख्खा संपवला! वर बोटंही चाटली. बायको हात धुवायचं निमित्त करून आत जाऊन रडून आली होती.

आता रविवारी सासूबाई महिनाभर राहायला येणार होत्या. आणि कॉफी शॉपच्या काचेवर 'कायमचे बंद' असा कागद चिकटवला होता.

रविवारी सकाळी चष्मेवाल्यानं ओटा असा मांडला की जणू डोळ्याचं ऑपरेशन आहे. मैदा ग्रॅमवर मोजला. दालचिनीची पूड चाळली. दूध कोमट केलं, त्यात साखर आणि यीस्टचं पाकीट टाकलं. 'दहा मिनिटांत फेस येईल,' असं कृतीत लिहिलं होतं. सहाव्या मिनिटाला त्यानं दुकानातलं भिंग लावून वाटीत पाहिलं. फेस नाही!

'मेलं वाटतं,' तो पुटपुटला. त्यानं दुसरं पाकीट टाकलं. आठव्या मिनिटाला पुन्हा भिंग. काही नाही! त्यानं तिसरंही टाकलं. दहाव्या मिनिटाला वाटीत थोडा फेस आला, तसा त्याचा जीव भांड्यात पडला. कोणत्या पाकिटाचा फेस, हे विचारायला तिथं कोणी नव्हतं.

पीठ मळून झालं. आता ते दीड तास उबदार जागी ठेवायचं होतं. पण घरात उबदार जागा कुठली? उत्तरेचं स्वयंपाकघर आणि बाहेर बोचरं वारं! त्यानं पातेलं फ्रिजवर ठेवलं, टीव्हीच्या मागे ठेवलं, क्षणभर स्वतःच्या पांघरुणातही ठेवलं. शेवटी खिडकीतून त्याला खाली उन्हात उभी असलेली आपली गाडी दिसली. काचा बंद, आत छान ऊब! त्यानं पातेलं जुन्या शालीत गुंडाळलं, मागच्या सीटवर ठेवलं, कलंडू नये म्हणून पट्टाही लावला आणि निर्धास्त मनानं आंघोळीला गेला. साडेबाराला स्टेशनवर त्यालाच जायचं होतं. तोवर भरपूर वेळ होता.

बाहेर आला तर घर शांत. फ्रिजवर चिठ्ठी: 'तुझं चालू दे. आईला मी आणते.'

तो ओल्या केसांनी खिडकीशी धावला. गाडीची जागा रिकामी!

त्यानं बायकोला फोन लावला. फोन टेबलावरच वाजला. चार्जिंगला लावून ती तशीच गेली होती.

पुढचा तास त्याचा कसा गेला ते त्याचं त्यालाच माहीत. तीन पाकिटं! बंद काचा! ऊन! डोळ्यांसमोर पीठ पुढच्या सीटवर चढत होतं, गिअरला विळखा घालत होतं. सासूबाईंची गाडी स्टेशनात लागायच्या वेळेपासून त्यानं त्यांना फोन लावायला सुरुवात केली. नवव्यांदा तो उचलला गेला.

"हॅलो! कोण?"

"आई, मी बोलतोय. गाडीत बसलात का? मागे?"

"मागेच. आणि जावईबापू, माझ्या शेजारी कोण बसवलंय हे?"

"कोण?"

"शाल पांघरलीय, पट्टा लावलाय. सहज हात लावला, तर अंग चांगलं गरम!"

"आई, ते पीठ आहे."

"काय? पिल्लू?"

"पीठ! पीठ!"

"पिल्लू म्हणतायत," सासूबाईंनी पुढे कळवलं.

"पिल्लू?" लांबून बायकोचा आवाज आला. "आपल्याकडे कुठलं पिल्लू?"

"अगं, हलतंय ते! शाल वर येतेय!"

"आई, ऐका! ते फुगतंय! त्याला दाबा. मुठीनं. जोरात!"

पलीकडे मग सासूबाईंचा आवाज अगदी थंड झाला. "जावईबापू, मुक्या जीवाला दाबायला सांगता?"

तेवढ्यात करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. सासूबाई किंचाळल्या. फोन बंद पडला तो पडलाच.

त्यानं पुन्हा लावून पाहिला, लागेना. पीठ गेलं खड्ड्यात! त्या दोघी धड आहेत ना? एका रोलपायी आपण काय करून बसलो! तो बनियनवरच फाटकापर्यंत धावला.

"साहेब, काय झालं?" वॉचमन उठून उभा राहिला. "गाडी चोरीला गेली?"

"गाडी नाही हो! पीठ गेलं!"

वॉचमननं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि हळूच आपली खुर्ची त्याला बसायला दिली.

तो बसला नाही. फाटक ते कोपरा, कोपरा ते फाटक अशा येरझाऱ्या घालत राहिला. पाऊण तासानं गाडी आली. चारही दिवे लुकलुकत, गोगलगायीच्या चालीनं! बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं मागचं दार उघडलं.

सासूबाई कोपरापर्यंत पिठात होत्या. पट्ट्याला पीठ, दाराच्या कडीला पीठ, अंबाड्याला पीठ. पातेलं त्यांनी मांडीत घट्ट धरलं होतं.

"लागलं नाही ना कुठे?" त्यानं कसंबसं विचारलं.

"मला काय धाड भरलीय! ही घाबरली, गाडी बाजूला घेऊन रडायला लागली. मी शाल उचलून बघितलं. किती यीस्ट घातलंत?"

"तीन पाकिटं."

"आणि सांगितलं होतं किती?"

"एक."

"चष्म्याचा नंबरही असाच देता का लोकांना?"

तो दाराच्या कडीवरचं पीठ नखानं खरवडू लागला.

"तीनदा दाबलं मी याला," सासूबाई सांगत होत्या, "तीनदा वर आलं! हट्टी मेलं. अगदी ह्यांच्यासारखं! एकदा फुगून बसले की..."

आणि त्या हसल्या. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आठ महिन्यांत सासऱ्यांचं नाव निघालं की घरात सगळे जमिनीकडे बघायचे. आज त्या स्वतःहून बोलल्या होत्या, तेही पिठाच्या पातेल्याकडे बघत! बायको गाडीचं दार धरून तशीच उभी राहिली.

वर गेल्या गेल्या सासूबाईंनी पदर खोचला. पीठ लाटलं, दालचिनी-साखर भुरभुरली, गुंडाळ्या केल्या, सुरीनं तुकडे पाडले. कृतीत बारा रोल लिहिले होते, झाले एकतीस! चष्मेवाला ओव्हनच्या काचेला नाक लावून बसला. पहिला ट्रे निघाला तेव्हा त्याला श्वास घ्यायचीही भीती वाटत होती.

सासूबाईंनी एक रोल उचलला. फुंकर मारली. खाल्ला. मग दुसरा उलगडून त्याचा मधला मऊ गाभा काढला, तोही खाल्ला. बायकोनं टेबलाखालून नवऱ्याचा हात इतका दाबला की त्याची बोटं कळवळली.

संध्याकाळी तो खाली गाडीत उकिडवा बसून, चष्म्याच्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं पट्ट्याच्या खाचेतलं वाळलेलं पीठ कोरत होता. मन तृप्त होतं. आजचा दिवस त्यानं जिंकला होता! तेवढ्यात वरच्या खिडकीतून सासूबाईंचा फोनवरचा आवाज ऐकू आला. त्या बहिणीशी बोलत होत्या.

"अगं, एकतीस झाले! मीच केले, दुसरं कोण? ये ना पुढच्या रविवारी, सगळ्यांना घेऊन ये... जावई? ते गाडी धुतायत खाली." मग आवाज थोडा खाली आला, पण खिडकी उघडी होती. "स्वयंपाकातलं नाही गं त्यांना काही कळत. पण स्वभावानं चांगले आहेत हो बिचारे!"