माझ्या मापाची खुर्ची

बसायला कम्प्युटर कशाला लागतो, असं मी एकदाच बोललो आणि जन्माचा पस्तावलो.

माझी नात सायली शेंद्र्याला खुर्च्यांच्या कारखान्यात आहे. तिथं मशीन माणसाच्या अंगाचं माप घेतं, कम्प्युटरात त्याचा हुबेहूब पुतळा तयार होतो, आणि त्या पुतळ्याला बसवून बसवून खुर्ची बेततात. पहिलं माप ती माझंच घेणार होती. मी वरचं वाक्य बोललो. तिनं शेजारच्या कडुबाचं घेतलं.

झालं! कडुबा ओट्यावर खुर्ची टाकून कलेक्टरवाणी बसू लागला. दुष्काळाचं साल. गल्लीत बिल्डिंगी मजल्यावर मजले चढवत होत्या आणि नळ आठ-आठ दिवस कोरडा. टँकरची रांग नेमकी त्याच्याच ओट्यासमोर. जो तो खुर्ची न्याहाळायचा. नात माझी अन् मान त्याला!

त्यात आमची मनकर्णा (चाळीस वर्षांत मला एकदाही बरं म्हणालेली नाही) म्हणाली, "भाऊजी कसे ताठ बसतात बघा. नायतर तुम्ही, पोत्यावाणी."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात.

"आबा, घरी रोज बसता तसंच बसा," सायली म्हणाली.

पोत्यावाणी माप द्यायला मी काय येडा हाय? पोट आत, छाती बाहेर, मान वर. थेट कडुबा! श्वास कोंडून डोळ्यापुढं काजवे चमकले, तरी हललो नाय.

"आबा, नक्की असंच बसता?"

"जन्मापासून!"

महिन्यानं खुर्ची आली. गल्ली गोळा झाली. मी ऐटीत टेकलो, श्वास सोडला, आणि पोट खुर्चीच्या दोन हातांत गच्च अडकलं. पाठीत असं काही रुतलं की मी कोकललो. दोघांनी ओढून काढलं.

"सरक साहेबराव, मी बघतो," म्हणत कडुबा बसला. जरा हलला. डोळे मिटले. "आयला! माझ्या खुर्चीहून लई ब्येस. माझ्याच मापाची हाय की!"

सायलीनं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं.

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला.

"ऊठ रे, पाणी आलं," मी कडुबाला म्हणालो.

"अहो, बसू द्या भाऊजींना. मी चहा टाकते," मनकर्णा आतून ओरडली. "तुम्ही पळा. अन् त्यांचा पण हंडा घेऊन जा!"

रांग लांबलचक. पाय दुखले तेव्हा एक हंडा उपडा घातला आणि टेकलो. पोट बाहेर, पाठ वाकडी, पोत्यावाणी. काय सांगू, असा अंगाला बसला जसा काही कम्प्युटरनं बेतलेला!

(हंडा कडुबाचा होता.)