पाणी न लागणारी सून

एका जंगलात एक तळं होतं. तळ्याकाठी दाट लव्हाळं होतं. लव्हाळ्याच्या पलीकडे दोघीजणी हळू आवाजात बोलत होत्या.

"बघून केलीय म्हटलं सून. पाणीसुद्धा लागत नाही तिला!"

बोलणारी होती कुंदाबाई बगळे. ऐकणारी शेजारची पाणकोंबडी. हे वाक्य सुनेच्या कानावर जायचं नव्हतं. पण सून लव्हाळ्याच्या अलीकडेच उभी होती. मुलांनो, नव्या सुना नेहमी अशाच कुठल्या तरी आडोशाला उभ्या असतात. त्यांना बसायला कोणी सांगितलेलं नसतं.

सून जातीची चातक. बगळ्यांच्या घरात चातकाची मुलगी कशी आली, असं विचारू नका. पत्रिका जुळली होती.

माहेरी तिला चिमी म्हणत. लग्नात नवरदेवानं, म्हणजे शुभ्रकांतानं, तांदळाच्या ताटात चोचीनं तिचं नवं नाव लिहिलं. मेघमाला. सगळ्यांनी वा वा केलं. चिमी रोज सकाळ-संध्याकाळ ओढ्यावर पाणी प्यायची. मेघमाला कशाला पिईल?

या जंगलात त्या काळी एक साथ आली होती. माहितीची साथ.

रोज सकाळी वडाच्या पारावर माहिती मंडळ भरे. अध्यक्ष होते कुंदाबाईंचे यजमान, धवलराव बगळे. ते घसा खाकरून म्हणत, "तुम्हाला माहीत आहे का?" मग सगळे म्हणत, "नाही बुवा, सांगा." माहीत असलेलेही नाहीच म्हणत. तशी रीत होती.

"घुबडाला दिवसा दिसत नाही," धवलराव सांगत.

"दिसतं की," समोरच बसलेलं घुबड म्हणे. "तुमच्या चोचीला शेवाळ लागलंय."

"अंदाज चांगला आहे बिचाऱ्याचा," असं म्हणून धवलराव चोच पुसत आणि पुढची माहिती घेत. साप दूध पितो. साप कळवळून सांगे, मला पचत नाही हो. पण श्रावणात त्याच्या बिळापुढे वाट्यांची रांग लागे.

ज्याच्याविषयी माहिती असे, त्याला विचारायची पद्धत नव्हती. त्याला काय कळणार? तो स्वतःकडे आतून बघतो. माहिती बाहेरून बघावी लागते.

तर चातकाविषयी सगळ्या जंगलाला पक्कं ठाऊक होतं. चातक जमिनीवरचं पाणी पीत नाही. आभाळातून पडणारा थेंब तेवढा चोचीत घेतो. मेला तरी तळ्याला तोंड लावत नाही. लग्नाच्या बोलणीत चिमीच्या वडिलांनी एकदा तोंड उघडलं होतं, "मुलगी तशी पाणी पिते हं." पण मुलीच्या बापाचं बोलणं विनयानं असतं, असं समजून ते कोणी ऐकलं नाही.

लग्न वैशाखातलं. मृगाला अजून दीड महिना होता.

पहिल्या दिवशी चिमी पाय धुवायच्या निमित्तानं काठाशी गेली. कुंदाबाई धावत आल्या.

"अगं अगं, काठावर नको! बघणारे काय म्हणतील? म्हणतील, बगळ्यांची सून पाण्याला गेली!"

"पाय धुते, सासूबाई."

"पायाला काय झालंय? चांगले आहेत की."

दुसऱ्या दिवशी नणंद, तिचं नाव चांदणी, मैत्रिणींचा घोळका घेऊन आली. "ही आमची वहिनी. काही म्हणजे काही पीत नाही." एका मैत्रिणीनं पानाचा द्रोण भरून चिमीच्या चोचीपुढे धरला. चिमीनं मान पुढे केली.

"ए, पिते की गं ही!"

"छे गं! मान हलवून नको म्हणतेय. कित्ती सोशिक!"

द्रोण मागे गेला. मैत्रिणी हळहळल्या आणि द्रोण आपसांत वाटून प्यायल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी चिमीनं नवऱ्याला गाठलं. शुभ्रकांत स्वभावानं चांगला होता. घरातल्या कोणाला त्याचा त्रास नव्हता. उपयोगही नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "मला फार तहान लागलीय."

शुभ्रकांताचे डोळे पाणावले. चिमीनं त्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तो तसाच धावत बाहेर गेला. "बाबा, बाबा! हिला तहान लागलीय!"

सगळं घर अंगणात गोळा झालं. चिमीला वाटलं, सुटले.

"लागणारच!" धवलराव गहिवरून म्हणाले. "चातकाची तहान आहे ती! आपल्या घरात! अरे, पोथ्यांमध्ये लिहिलेलं आपण डोळ्यांनी बघतोय."

मग सगळ्यांनी मिळून आभाळाकडे पाहिलं. आभाळात एक घार होती. थोडा वेळ घारीकडे बघून सगळे जेवायला गेले.

चौथ्या दिवशी चिमीचा आवाज गेला. पहाटे गवतावरचं दव टिपायचं, सुरवंट शोधून त्यात ओलावा मिळतो का बघायचं, यावर घसा किती तग धरणार? ती बोलेना, तेव्हा धवलरावांनी मंडळात नवी माहिती दिली. "चातक मितभाषी असतो." टाळ्या पडल्या.

कुंदाबाई पाणकोंबडीला म्हणाल्या, "वळण बघा पोरीला कसं आहे! चार दिवसांत उलटून एक शब्द नाही."

त्या दिवशी पारामागे चिमीला घुबड भेटलं.

"बोलून उपयोग नाही, पोरी," ते म्हणालं. "मला चांगलं दिसतं. रोज सांगतो. तरी हे लोक पंखाला धरून मला पलीकडच्या झाडावर पोचवून येतात. मला जायचं नसतं पलीकडे. परत यावं लागतं उडत."

"मग तुम्ही काय करता?" चिमीनं खुणेनं विचारलं.

"मी? सांगून झालं, की दिसत नाही असं दाखवतो. हल्ली फळंबिळं आणून देतात." घुबडानं सुस्कारा टाकला. "मी फळं खात नाही."

चिमीला घुबडाची दया आली. पण तिच्या हेही ध्यानात आलं, की घुबडाला म्हातारं व्हायला सवड मिळाली होती. तिला मिळणार नव्हती. तिचे पाय आता लटपटत होते. डोळ्यांपुढे मधेच काळोखी येई.

पाचव्या दिवशी सूनमुख बघायला वरच्या तळ्याची पाहुणेमंडळी आली. सगळे बगळेच. धवलरावांच्या थोरल्या भगिनी आत्याबाई त्यांच्या पुढे. माहिती मंडळानं मोठ्या पळसाच्या पानावर एक मानपत्र तयार केलं होतं. 'घरी तळे असूनही तृषार्त राहिलेली पहिली सून.' जेवणं झाली की ते द्यायचं ठरलं.

पहाटेच टोपलीभर मासे धरून, टोपलीला झाकण घालून, ती काठाशी उथळ पाण्यात ठेवली होती. ताजे राहावेत म्हणून. पंगत बसली. कमळाची पानं मांडली. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की टोपली आणायला उठायचं कोणी? पानावर बसलेल्यानं उठू नये, अशीही एक माहिती होती.

"मेघमाला आणेल," कुंदाबाई म्हणाल्या. "आणि सांभाळून गं. पाणी आहे तिथे."

घरात आल्यापासून पहिल्यांदाच चिमीला कोणी एकटीला काठावर जाऊ दिलं.

ती प्यायली. सावकाश नाही, मुलांनो, गटागटा प्यायली. पिता पिता खोकली, परत प्यायली. पाण्याला किंचित चिखलाचा वास होता. तिनं डोकं बुडवलं, पंख बुडवले. मग जरा वेळ नुसती उभी राहिली. मग टोपलीकडे वळली.

पंगतीत ती आली, तेव्हा टोपली अगदी हलकी दिसत होती. तिनं प्रत्येकाच्या पानावर नीट वाकून, काठावरून खुडून आणलेलं एकेक तुळशीचं पान वाढलं. आत्याबाईंना दोन वाढली. मोठ्या होत्या.

आत्याबाईंनी पान चोचीनं उलटून पाहिलं. खाली काही नव्हतं.

"कुंदा, मासे कुठायत?"

"अगं मेघमाला, मासे?" कुंदाबाईंचा आवाज चढला. "आणि अंग कशानं भिजलंय तुझं? जीभ आहे ना तोंडात? बोल की!"

"आहे, सासूबाई," चिमी म्हणाली. आवाज स्वच्छ होता, आणि शेवटच्या पानापर्यंत ऐकू गेला. "आमच्या माहेरी लहान पोरालासुद्धा माहीत आहे. बगळा म्हणजे मोठा तपस्वी. एका पायावर उभा राहतो, डोळे मिटतो, आणि समोरून मासा गेला तरी बघत नाही. मामंजी, एवढ्या ऋषिमुनींच्या पानात मी मासे वाढले असते, तर घराण्याला बट्टा नसता का लागला? सगळे पाण्यात सोडून दिले. तुम्ही जेवा शांतपणे. आणि भूक लागल्यासारखं वाटलंच, तर डोळे मिटून घ्या. बगळ्यांची तेवढ्यानं भागते म्हणतात."

तात्पर्य : नव्या सुनेला पाणी कधीही विचारू नये. घसा ओला झाला, की सून बोलायला लागते.