उभ्याने बघायची मालिका

आमच्या शेजारच्या रजनीकाकू सामंत टीव्ही उभ्याने बघतात. सगळाच टीव्ही नाही. बातम्या, क्रिकेट, मराठी मालिकांमधली सासवासुनांची भांडणं हे सगळं त्या मुक्ताबरोबर, म्हणजे त्यांच्या मुलीबरोबर, सोफ्यावर मांडी घालून शेंगा सोलत बघतात. पण एक जुनी इंग्रजी विनोदी मालिका आहे. ती लावली की काकू उठतात, इस्त्रीचा नॅपकिन डाव्या हातावर टाकतात आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहतात. चौकटीला टेकतसुद्धा नाहीत. अर्धा तास तश्शाच. माझी सात वर्षांची इरा पहिल्यांदा हे बघून माझ्या कानात म्हणाली, "आई, इज शी इन टाइम-आउट? शिक्षा केलीय का त्यांना?"

आणि हसणं? तेही अजब. आम्ही सगळे खो खो हसत असतो आणि काकू नॅपकिन तोंडाशी धरतात. खांदे गदगदा हलतात, डोळ्यांत पाणी येतं, पण आवाज म्हणून नाही.

मालिका तुम्हीही पाहिली असेल. इंग्लंडातली एक साधी मध्यमवर्गीय बाई आहे आणि आपण फार वरच्या थरातले आहोत हे जगाला पटवून देण्यात तिचा जीव चाललाय, एवढंच मालिकेचं सूत्र. माझ्या लहानपणी डोंबिवलीत ती केबलवर लागायची. माझ्या बाबांचं इंग्रजी पोस्टातल्या फॉर्मपुरतं. त्यामुळे टीव्हीतले लोक हसले की बाबा आधी हसून घ्यायचे आणि मग मला विचारायचे, "काय म्हणाली गं ती?" मला अर्धं कळलेलं असायचं, पण मी पूर्ण सांगायचे. माझ्या मनच्या गोष्टींवर बाबा आणखी हसायचे. पुढे बाबा गेले. ती मालिका मी पुन्हा बघितली नाही, पण तिची सुरुवातीची धून डोक्यातून कधी गेली नाही.

म्हणून इकडे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वसाहतीत राहायला आल्यावर तिसऱ्याच दिवशी भिंतीपलीकडून ती धून ऐकू आली तेव्हा माझं काय झालं असेल याची कल्पना करा. तव्यावरची पोळी तव्यावरच राहिली. मी कणकेच्या हातांनी शेजारची बेल वाजवली. दार उघडलं. कडक इस्त्रीची साडी, मोत्याच्या कुड्या, साठीच्या बाई. मी धापा टाकत म्हटलं, "अहो, ही ती मालिका ना? तुमच्याकडे सगळे भाग आहेत का हो?"

त्यांनी माझे कणकेचे हात पाहिले, सोफ्याचा पांढराशुभ्र अभ्रा पाहिला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आधी बस. मग बोलू."

हे त्यांचं पेटंट वाक्य. दुसरं म्हणजे, "आमच्या ब्रिटिश सर्कलमध्ये." आमच्या ब्रिटिश सर्कलमध्ये चहा बरोब्बर चारला होतो. आमच्या ब्रिटिश सर्कलमध्ये मगमधून चहा पिणाऱ्याला पुन्हा बोलवत नाहीत. डिस्कव्हरी गार्डन्सच्या भागांना झोकदार नावं आहेत, त्यातला आमचा मेडिटरेनियन. आम्ही आपले बिल्डिंगचा नंबर सांगतो. काकू फोनवर "वी आर इन द मेडिटरेनियन" असं सांगतात, आणि सावंतवाडीची त्यांची बहीण काकू बोटीवर राहतात असं बरीच वर्षं समजून होती. त्यांच्याकडे चिवड्याला सेव्हरी मिक्स म्हणतात, साबुदाणा वड्याला टॅपिओका कटलेट. पोह्यांना अजून भारदस्त नाव सापडलेलं नाही, त्यामुळे पाहुणे आले की पोहे होत नाहीत.

मालिकेतल्या बाईला सगळं जग हसतं. काकू नाही. तिची बाजू घेणाऱ्या जगात काकू एकट्याच असाव्यात. "बशी चुकीच्या बाजूला ठेवली बिचारीने," त्या दारातून हळहळतात. "कोणी शिकवलं नाही तिला. नीट शिकवलं असतं तर केलं असतं तिने." मी म्हणते, "काकू, अहो गंमत आहे ती." त्यावर त्या म्हणतात, "तुला गंमत. तिची काय अवस्था झाली असेल ते बघ."

आणि तो सोफा. चार हजार दिरहॅम, "म्हणजे बघ, पंच्याण्णव हजार रुपये झाले." हा सोफा दाखवल्याशिवाय काकू कोणालाही दारातून परत पाठवत नाहीत, अशी माझी आणि माझ्या नवऱ्याची समजूत होती. एसी दुरुस्त करणारा आला, सोफ्यावर बसव. कुरिअरवाला आला, बसव. दर रविवारी पाण्याचे जार आणणारे कुट्टी म्हणून एक केरळचे गृहस्थ आहेत. घामाने निथळत येतात बिचारे. त्यांनाही काकू म्हणणार, "पहले बैठो. बाद में बात." कुट्टी सोफ्याच्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे बसतात. त्यांच्यासमोर काकू ट्रेमध्ये लिंबाचं सरबत घेऊन उभ्या. ते पीत असेपर्यंत उभ्या. पाहुणा बसलेला असताना त्या कधी बसतच नाहीत. आम्ही यावर घरी येऊन पोट धरधरून हसलो आहोत. हे आज लिहिताना मला लाज वाटते.

तर अशा या काकूंच्या मुक्ताचं लग्न ठरायच्या बेताला आलं. मुक्ता आर्किटेक्ट, मुलगा तिच्याच ऑफिसातला. गुप्ते. आईवडील जुमेरा लेक टॉवर्समध्ये एकतिसाव्या मजल्यावर राहतात, खिडकीतून खाली तळं दिसतं. वडील निवृत्त, आई एका मोठ्या कंपनीत एचआर हेड. मुलांचं आधीच जमलेलं होतं, पण गुप्ते मंडळी शनिवारी चारला चहाला येणार असं ठरलं आणि काकूंची झोप उडाली.

"एचआर म्हणजे माणसाचं सगळं बॅकग्राउंड काढतात," त्या मला म्हणाल्या. "माझ्यामुळे पोरीचं काही बिनसलं तर?"

"तुमच्यामुळे काय बिनसणार काकू? तुम्ही तर ब्रिटिश सर्कलमधल्या."

काकू चमचे पुसत राहिल्या.

मी मात्र उत्साहाने फुटत होते. माझ्या लहानपणीची मालिका माझ्या शेजारी प्रत्यक्ष घडणार होती आणि मला त्यात काम होतं. गुरुवारी ऑफिसमधून लवकर सुटून मी रंगीत तालमीला हजर झाले. मी गुप्तेबाई.

"आपण आधी काय करत होतात?" मी पायावर पाय टाकून विचारलं.

"आय वॉज इन हॉस्पिटॅलिटी. विथ अ ब्रिटिश फॅमिली. सीनियर पोझिशन."

"आणि मिस्टर?"

"ते ट्रान्सपोर्टमध्ये होते."

"सीनियर पोझिशन म्हणजे नक्की काय?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "अश्विनी, चहा निवतोय."

दुसरी अडचण बसण्याची. मी म्हटलं, "काकू, यजमानीण बाईने पाहुण्यांबरोबर बसायला हवं." त्या म्हणाल्या, "हो, बसेन की." आणि बसल्या. मी कप उचलला तशा उठल्या. मी कप ठेवला, बसल्या. मी बिस्किटाकडे नुसतं बघितलं, पुन्हा उठल्या. शेवटी मुक्ताच हसत म्हणाली, "ताई, जाऊ दे ना. शी वोन्ट सिट. आय नो हर." पण हसता हसता तिने आईच्या पाठीवरून हात फिरवला, ते मला उगीचच लक्षात राहिलं.

शनिवार उजाडला. चारला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली. गुप्तेबाई म्हणजे खळाळती बाई निघाली. चपला काढता काढताच बोलायला सुरुवात. "अहो काय सुंदर वास येतोय. मी सकाळपासून उपाशी आहे, स्पष्ट सांगते." टॅपिओका कटलेट समोर येताच त्यांनी काटा बाजूला सारला, हातात घेतलं आणि म्हणाल्या, "वा. साबुदाणा वडा." काकूंचा चेहरा पडला आणि उजळला, दोन्ही एकदमच.

काकू सगळ्यांच्या डाव्या बाजूने वाढत होत्या, उजव्या बाजूने उचलत होत्या. पाऊल वाजत नव्हतं. गुप्तेबाई दोनतीनदा म्हणाल्या, "अहो, तुम्ही बसा ना." काकू दर वेळी म्हणाल्या, "हो, बसते," आणि किटली घेऊन वळल्या. बॅकग्राउंडचं नावही निघालं नाही. सगळं इतकं छान चाललं होतं की मी मनातल्या मनात मुक्ताच्या साखरपुड्याची साडीसुद्धा ठरवली.

तेवढ्यात गुप्तेसाहेबांना शोकेसमध्ये त्या मालिकेच्या जुन्या कॅसेट दिसल्या. "अरेच्चा. ही? ही सिरियल आहे तुमच्याकडे?" माणूस सोफ्यावरून उठलाच. "मॅडम, यातला तो नदीवरच्या सहलीचा भाग आहे का? प्लीज लावा. यल्ला, चल मुक्ता, लाव." मीही ओरडले, "हो हो, तोच लाव." आता गुप्तेसाहेब आणि मी एकमेकांना प्रसंग सांगायला लागलो, दोघेही एकदम बोलत होतो, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. कॅसेट चालवायचं यंत्र केव्हाच मोडलं होतं, पण मुक्ताने सगळे भाग पेनड्राइव्हवर घेऊन ठेवले होते. तिने टीव्ही लावला. धून सुरू झाली. आम्ही सगळे सरसावून बसलो.

आणि काकू, कोणीतरी बोलावल्यासारख्या, चालत स्वयंपाकघराच्या दारात गेल्या. नॅपकिन डाव्या हातावर. सरळ उभ्या.

गुप्तेबाईंनी मान वळवून पाहिलं. या वेळी त्या जरा आग्रहाने म्हणाल्या, "अहो सामंतबाई, बसा ना आमच्याबरोबर. तुमचंच तर घर आहे."

"मी इथेच बरी, मॅडम," काकू म्हणाल्या.

तो 'मॅडम' गुप्तेसाहेबांच्या 'मॅडम'सारखा नव्हता. खालच्या मानेने आलेला होता. गुप्तेबाईंचा वडा हातातच राहिला. मुक्ताने टीव्ही थांबवला. काकूंनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आपल्या हातावरच्या नॅपकिनकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं.

"सांगूनच टाकते," त्या म्हणाल्या. इंग्रजी गेलं, ब्रिटिश सर्कल गेलं. "मी नऊ वर्षं एका इंग्रज कुटुंबाकडे कामाला होते. जेवण, कपडे, भांडी, मुलं, सगळं. आमचे हे टॅक्सी चालवायचे. मुक्ता तेव्हा गावाला माझ्या आईकडे. मॅडम वाईट नव्हत्या हो. प्लीज म्हणायच्या, थँक यू म्हणायच्या. ही सिरियल लागली की मी दारात उभी राहून बघायची, तर त्यांनी कधी हाकललं नाही. इंग्रजी मी यातूनच शिकले. आवाज न करता हसायला पण तिथेच शिकले. परत जाताना त्यांनी या कॅसेट मला देऊन टाकल्या. फक्त नऊ वर्षांत बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, खोटं कशाला बोलू. आता घर माझं आहे, सोफा माझा आहे, पण ही धून लागली की पाय आपोआप इथे येतात." मग त्या गुप्तेबाईंना म्हणाल्या, "मुक्ताला याची शिक्षा नको. पोरगी खोटं बोललेली नाही. खोटं माझं आहे."

मुक्ता उठली. आईजवळ गेली, तिच्या हातावरचा नॅपकिन काढून स्वतःच्या हातावर टाकला आणि तिच्या शेजारी चौकटीत उभी राहिली. गुप्तेबाईंनी हातातला वडा बशीत ठेवला आणि सोफ्यावर बाजूला सरकून त्या रिकाम्या झालेल्या जागेवर हात ठेवून राहिल्या.

माझ्या डोळ्यांसमोर कुट्टी आले. गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. एसीवाला आला, कुरिअरवाला आला. कणकेच्या हातांची मी आले. आम्ही सोफ्याला हसलो होतो.

कोणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी बोलले. "काकू, आधी बसा. मग बोलू."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग आल्या. गुप्तेबाईंनी सरकून केलेल्या जागेवर, अगदी कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसल्या. मुक्ताने दारातूनच रिमोट दाबला. दोन मिनिटं काकूंची पाठ ताठ होती. मग ती बाई होडीत पाय टाकायला गेली, आणि काकू हसल्या. मोठ्याने. चार वर्षांच्या शेजारात मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. चांगला खणखणीत, मालवणी आवाज आहे. "अगो बाय माझ्या," म्हणत त्यांनी गुप्तेबाईंच्या मांडीवर थाप मारली, आणि गुप्तेबाईंनी डोळे पुसत दुसरा वडा घेतला.

साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. बशी चुकीच्या बाजूला ठेवणं काकूंनी आम्हाला अजून माफ केलेलं नाही, आणि टॅपिओका कटलेट टॅपिओका कटलेटच आहे.

पण परवा रविवारी मी त्यांच्याकडे मिरच्या मागायला गेले. दार उघडंच होतं. कुट्टी नुकतेच जार ठेवून सोफ्यावर बसले होते, हातात सरबताचा ग्लास. ट्रे टीपॉयवर होता, आणि दुसरा ग्लास हातात घेऊन काकू त्यांच्या शेजारी बसल्या होत्या.