दिवसाला एकच चूक

दादू मास्तर रोज फळ्यावर एक चूक करत. मुद्दाम. दिवसाला एकच, दोन नाही. चूक करून झाली की खडू खाली ठेवत आणि सातवीच्या पोरांकडं बघत राहत. कुणीतरी ती हेरून "चोर!" म्हणून ओरडलं की त्यांचा चेहरा खुले. "धरलास का? शाबास गड्या! मास्तरवर इस्वास ठिवायचा न्हाई, गणितावर ठिवायचा."

ही खोड शाळेपुरती असती तर गावानं चालवून घेतली असती. पण एकदा त्यांनी पाटलांना ऐन मंगळवारी "आज बुधवार" म्हणून सांगितलं. पाटील मिरचीची पोती गाडीत घालून तासगावच्या बाजाराला गेले. तिथं चिटपाखरू नव्हतं. परत येऊन शिव्या घालायला लागले, तर मास्तर शांतपणे म्हणाले, "आवं, मग मला धरायचं न्हाई का?"

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी सांगलीच्या एका कॉलेजात गणिताचा फेलो होतो, प्रोफेसरांच्या हाताखाली शिकवायचो. मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला बी. ए. हे मी मिरवतो, आणि मिरवणार. कॉलेजनं आणि शाळांच्या बोर्डानं मिळून एक योजना काढली होती. खेड्यांतल्या मास्तरांनी दर शनिवारी दुपारी कॉलेजात यायचं, आमच्या प्रोफेसरांकडून गणित शिकवण्याच्या नव्या रीती शिकायच्या. शेवटी प्रोफेसर एकेकाच्या शाळेत जाऊन पाठ बघणार आणि दाखला देणार. दाखला नाही त्याच्याकडं सातवी राहणार नाही. दादू मास्तरांची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते सातवीच होतं.

शनिवारच्या वर्गात ते पहिल्याच दिवशी उठून उभे राहिले. "सायेब, चोर!" प्रोफेसरांनी दचकून आधी कोटाचा खिसा चाचपला. मग फळ्याकडं पाहिलं. वजाचं चिन्ह खरंच राहिलं होतं. त्या दिवसापासून प्रोफेसर त्यांच्याकडं पाठ करायला भ्यायचे. मला मात्र मास्तर "बीयेसायेब" म्हणत, आणि तेही मला आवडायचं.

पाठाच्या दिवशी प्रोफेसर आणि मी सर्व्हिसच्या मोटारीनं त्यांच्या गावी गेलो. उदाहरण होतं तीन एकर बारा गुंठे रान चौघा भावांत सारखं वाटायचं. मास्तरांनी एकराचे गुंठे पन्नास लिहिले आणि खडू खाली ठेवला. "चोर!" अख्खा वर्ग ओरडला. प्रोफेसर गोंधळले. मी त्यांच्या कानाशी लागून ही मास्तरांची रीत समजावून सांगितली. त्यांना ती पसंत पडली.

मास्तरांनी पन्नासचे चाळीस केले. तीन एकरांचे गुंठे एकशे वीस. त्यात बारा मिळवले आणि लिहिलं, एकशे बावीस.

या खेपेला खडू खाली ठेवला नाही. चारानं भागायला लागले. दोन उरले. त्या दोनाकडं मास्तर बघत उभे राहिले. पोरं खाली माना घालून वहीत लिहीत होती. कुणी ओरडेना. दिवसाची चूक तर होऊन गेली होती.

"मास्तर, चोर!" मी ओरडलो.

मास्तर वळले. माझ्याकडं बघून सावकाश हसले. "बीयेसायबांनी धरला."

"एका तासात दोन-दोन! उत्तम!" म्हणत प्रोफेसरांनी तिथंच दाखल्यावर सही ठोकली आणि हेडमास्तरांबरोबर चहाला गेले. मास्तर मला शाळेमागं लिंबाखाली घेऊन गेले.

"तुमी का वरडलासा?"

"तुमची सातवी जाऊ नये म्हणून."

"ती म्या केली न्हवती. झाली."

"कळलं मला."

"पोरांस्नीबी कळतंय. दिवाळीपास्नं. पैल्या चुकीला वरडत्यात. दुसरी झाली की गप वहीत बरोबर लिवत्यात आन् फळ्याकडं बघतच न्हाईत. माजी लाज राखत्यात." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "चूक दिसली की वरडायचं, एवढंच शिकवलं हुतं त्यास्नी. आता माज्यापायी गप बसाय शिकल्यात."

त्यांनी दाखला माझ्या हातात ठेवला. "परत न्या. सातवी दुसऱ्याला द्या म्हनावं."

"मग पहिली घ्या. बोर्ड नाही म्हणणार नाही."

"आवं, पैलीच्या पोरास्नी तर धरायबी येत न्हाई."

"मग करणार काय तुम्ही?"

मास्तरांनी लिंबाचा पाला चुरगळून खाली टाकला. मग म्हणाले, "शनवारी येत जाऊ का? म्हागं बसंन. काय बोलनार न्हाई."

परतताना मोटारीत मी प्रोफेसरांना सगळं खरं सांगितलं. बी. ए. झाल्यापासून इतकी जड गोष्ट मी बोललो नव्हतो. त्यांनी दाखला घडी करून खिशात घातला.

मास्तर येऊ लागले. धुतलेली टोपी, शेवटचा बाक. शब्द दिल्याप्रमाणं काही बोलत नसत. प्रोफेसरांनी एकदा फळ्यावर चूक करून त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा. मला वाटतं, मुद्दामच. मास्तरांनी खाली बघितलं.

हजेरीपटावर आता त्यांचं नाव नव्हतं, कारण ते कुठल्याच शाळेचे राहिले नव्हते. तिसऱ्या शनिवारी मी ते पेन्सिलीनं तळाशी लिहिलं आणि पुकारलं. मास्तर उठून उभे राहिले, मोठ्यानं "हजर" म्हणाले. पट मिटून मी खडू हातात घेतला, तरी ते फळ्याकडं बघत उभेच होते.