चौबळकाकांच्या उठाबशा

गुरुग्रामच्या एका बँक्वेट हॉलमध्ये रिसेप्शन चालू होतं. सुटाबुटातले चौबळकाका जेवण आटोपून आइस्क्रीमच्या रांगेशी आले, टाय खांद्यावर टाकला आणि तिथल्या तिथे वीस उठाबशा काढल्या. रांगेतल्या एका पंजाबी बाईंनी घाबरून विचारलं, "भाईसाब, किसी ने सज़ा दी है क्या?" काका धापा टाकत म्हणाले, "जी नहीं, ख़ुद ही ली है." सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी हसलो, कारण त्यांना तिथे स्कूटरवरून मीच आणलं होतं.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. रिटायरमेंटला एक वर्ष उरलंय. आयुष्य फायलींत गेल्यामुळे त्यांना जगातली कुठलीही गोष्ट फाइलशिवाय सांगता येत नाही. मधुमेहसुद्धा.

"हे बघ," ते सांगतात, "इन्सुलिन म्हणजे शिपाई. साखरेची फाइल घेऊन तो स्नायूच्या खोलीशी येतो, दार ठोठावतो. आत काय? चरबीचे गठ्ठे! दारापर्यंत रचलेले. दार उघडणार कसं? मग साखर बसते बाहेर कॉरिडॉरमध्ये, म्हणजे रक्तात. अन् आपण ओरडतो कुणावर? साखरेवर! अरे यार, दोष फाइलचा नाही, खोलीचा आहे."

हे वाक्य त्यांनी गणपतीच्या आरतीनंतर माइकवरून सांगितलंय. जिमला जाणाऱ्या एका पोराने त्यांना तिथेच अडवलं. म्हणाला, "अंकल, चरबी तर लांब पळणाऱ्यांच्या स्नायूंतही असते." वाटलं, आता काकांची बोलती बंद. पण काका खूश! "असते ना, बिल्कुल असते! पण त्यांच्याकडे रोजचा माल रोज निकाली निघतो. आपला पडून राहतो. म्हणून म्हणतो, मांडीला कामाला लावा. ती सगळ्यात मोठी खोली." आणि मोदक हातात धरून उभ्या असलेल्या चाळीस माणसांना त्यांनी उठाबशा काढायला लावल्या. आमच्या मंडळात तेव्हापासून प्रसाद आधी आणि काकांचं भाषण नंतर, असा ठराव झालाय.

जाड माणसांना काका फारसं छळत नाहीत. त्यांचा डोळा बारीक माणसांवर. भाजीवाल्याला एकदा म्हणाले, "भैया, शुगर चेक कराई?"

"बाऊजी, मैं तो दुबला हूँ."

"इसीलिए तो पूछ रहा हूँ."

रोजच्या या चौकशीला वैतागून भाजीवाल्याने काकांसाठी कोथिंबीर महाग केली; शेवटी त्याने तपासणी केली, तेव्हा कुठे भाव पूर्ववत झाला. माझी आई तर काडीपहिलवान. दोन वर्षांपूर्वी ती साताऱ्याहून आमच्याकडे आली, तेव्हा काकांनी नमस्कार करायच्या आधी विचारलं, "ताई, शेवटची टेस्ट कधी केली?" आई म्हणाली, हे गृहस्थ डॉक्टर आहेत की वेडे? मी म्हटलं, सेक्शन ऑफिसर आहेत.

टेस्टमध्ये आईला खरंच मधुमेह निघाला. तेव्हापासून रोज संध्याकाळी काका आमच्याकडे बिनसाखरेचा चहा प्यायला येतात आणि आईकडून खुर्चीला धरून दहा उठाबशा करवून घेतात.

गेल्या जानेवारीत आईचा रिपोर्ट आला. साखर बरीच वाढलेली. मी ऑफिसातून वैतागून आलो होतो. त्यात डब्यातली गजक, म्हणजे इकडची तिळगुळाची वडी, मला कमी वाटली.

"आई, खरं सांग, गजक खातेस ना चोरून?"

"नाही रे."

"मग साखर काय हवेतून वाढली?"

आई पदराशी चाळा करत बसली. खुर्चीतल्या काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता शिपाई आणि खोली येणार. पण ते उठून सरळ वर निघून गेले, आणि पाच मिनिटांत एक फाइल घेऊन परत आले. जाड पुठ्ठा, पांढरी नाडी, आत ऑफिसात नोटिंगला वापरतात तसले हिरवे कागद. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: विषय – सौ. मंदा यांची साखर.

मंदाकाकू आम्ही इथे येण्याआधीच गेल्या होत्या. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. अंगाने अगदी माझ्या आईसारख्या.

"वाच," काका म्हणाले.

पहिल्या पानावर काकांचं टपोरं अक्षर: "साखर वाढलेली दिसते. खुलासा द्यावा." खाली बारीक अक्षरात काकूंचं उत्तर: "गोड खाल्लेलं नाही. साहेबांनी नाराज होऊ नये." पुढे: "पुन्हा वाढली. डबा कपाटात कुलूपबंद केला आहे. खुलासा द्यावा." उत्तर: "वरीलप्रमाणेच. खाल्लं नाही." अशी पानंच्या पानं.

"आधी गंमत होती रे," काका म्हणाले. "नंतर गंमत राहिली नाही. मी तिचे डबे तपासायचो. पाहुण्यांसमोर बोलायचो, हिला जिभेवर ताबा नाही म्हणून. एवढी बारीक बाई, मग साखर येते कुठून? चोरूनच खात असणार!"

शेवटी काकू हॉस्पिटलात होत्या, तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी काकांना समजावलं, की बारीक माणसाच्याही स्नायूत चरबी साठू शकते, इन्सुलिन असूनही मग लागू पडत नाही, आणि गोड न खाताही साखर वाढते. काका धावत खोलीत गेले. काकू शुद्धीवर नव्हत्या. पुन्हा आल्याच नाहीत.

मी शेवटचं पान उलटलं. काकांचं नेहमीचं "खुलासा द्यावा." त्याखाली काकूंचं अक्षर, थरथरलेलं: "तुम्ही म्हणता तर खाल्लं असेल."

माझ्याने वर बघवेना. त्या ओळीच्या खाली वेगळ्या शाईत काकांनी लिहिलं होतं: "पान एकवरचा खुलासा मान्य." सही, तारीख, सगळं रीतसर.

"ती गेल्यावर तेराव्या दिवशी केली सही," काका म्हणाले. "पण आता फाइल पाठवू कुणाकडे?"

मला फार लाज वाटली. मी आईपाशी जाऊन बसलो आणि म्हटलं, "आई, तू खाल्लं नाहीस. चुकलं माझं."

आई मग हळूच म्हणाली, "एक तुकडा खाल्ला होता रे. संक्रांतीला."

काका खो-खो हसले. हसता-हसता डोळ्यांना रुमाल लावला, तो बराच वेळ काढला नाही. मग त्यांनी फाइलची नाडी बांधली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चला ताई, खुर्ची धरा. दहा."

आई उठली. मीही उठलो. आईच्या दहा झाल्या, माझ्या पंधरा झाल्या, आणि आम्ही दोघं टेकलो. काका फाइल छातीशी धरून उठाबशा काढतच राहिले. थांबा म्हणायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही.