जर्मनीतल्या घराच्या चतुःसीमा

शेजारच्या भुजंगरावानं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते असं, की आम्ही दोघांनी जर्मनीतलं एक घर जिंतुरात चुन्याच्या फक्कीनं आखलं.

रविवारची दुपार होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोकळा प्लॉट पडलेला आहे. भुजंगरावानं मोबाइलवरचा नकाशा वाचायचा, मी दोरी ताणायची, काटकोनाला गुण्या लावायचा आणि फक्की टाकायची. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, लय घरं आखली, पण सात समुद्रापलीकडचं हे पहिलंच. स्वयंपाकघर आखलं, जिना आखला, खालची म्हाताऱ्यांची खोली आखली. मग भुजंगरावानं फक्कीच्या दारात चपला काढल्या, आत जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमी पूर्वेकडं सरका. तुमी बेकरीवाले. या व्यवहाराला तुमची काही हरकत?"

"पाव गरम हाय, घेऊन जा," मी म्हणालो.

"थट्टा नको. हरकत हाय का न्हाई?"

"न्हाई."

"तोंडी नको," म्हणाला, आणि खिशातून कागद काढून बेकरीवाल्याच्या जागी माझी सही घेतली.

हा माणूस वेडा नव्हता. जिंतूरच्या रजिस्ट्री कचेरीसमोर पत्र्याच्या टपरीत हा अर्जनवीस म्हणून बसायचा. लोकांचे बयनामे म्हणजे खरेदीखतं, वाटण्या, मुखत्यारनामे लिहायचा. अक्षर असं, की कर्जाचा कागदसुद्धा लग्नपत्रिकेसारखा दिसायचा. चार दशकं दुसऱ्यांच्या जमिनीतली लबाडी कागदावर उतरताना बघितली, त्यामुळं त्याचा तोंडी शब्दावरचा विश्वास पार उडाला होता. जुनी सायकल घ्यायला गेला तर म्हणाला, जमिनीसारखे तीस वर्षांचे मालक दाखवा. सायकलच बारा वर्षांची होती. दहीवाल्याला विचारायचा, म्हैस कुणाच्या नावावर हाय? लग्नपत्रिकेत 'आहेर आणू नये' असं छापलेलं असलं की मला म्हणायचा, "खाली सही कुठाय? ह्याला काय अर्थ न्हाई, आहेर घेऊन चला."

माझी बायको शेवंता गेली तेव्हा सगळी गल्ली रडत होती. हा आला तो मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म घेऊन. "मिस्त्री, आधार कार्डावर शेवंताबाई हाय, रेशनवर नुसतं शेवंता. कंचं लिवू?" मला वाटलं, थापी घालावी टाळक्यात. पण पुढं पेन्शनीपासून बँकेपर्यंत कुठंच अडलं नाही. याचासुद्धा मला रागच आला. मेल्यावरसुद्धा तिचं काम यानंच केलं. जिवंत असताना तरी काय, काही कागद आला की ती म्हणायची, "तुमी राहू द्या, भुजंगरावभाऊजीला दावा." मी तिला तीन खोल्या बांधून दिल्या, स्वतःच्या हातानं, आणि भाव मात्र ह्याच्या पेनाला.

खरं सांगतो, मी या माणसावर जन्मभर जळलो. आता म्हातारपणी तर जास्तच. त्याची बायको अनुसया जिवंत आहे. सकाळपासून त्याच्या नावानं ओरडते. "आवं, तो चष्मा कपाळावर हाय! आवं, कितींदा सांगू, चहा गार व्हायलाय!" भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं. त्याला वैताग यायचा. मी मात्र हातातला घास तसाच धरून ऐकत बसायचो. माझा चहा गार झाला तर मला सांगणारं कुणी नाही. पोरगा चाकणला कंपनीत आहे, त्याचा फोन येतो, "बाबा, बरं हाय ना?" मी "बरं हाय" म्हणतो, की फोन संपला.

आणि ह्याची पोरगी सुषमा. जर्मनीत नर्स. दोन वर्षांपूर्वी गेली, तिथली भाषा शिकली, आणि आता म्हणे घर घेणार. खाली एक खोली आई-बाबांसाठी. या दोघांनी इथलं घर विकून कायमचं तिकडं यायचं. तिनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी नेहमीसारखा त्यांच्या ओट्यावर भुजंगरावाशेजारीच बसलो होतो. अनुसयावहिनी रडल्या, हसल्या. भुजंगरावानं एकच विचारलं, "जमीन कुणाची हाय?"

"बाबा, आपण घर घ्यायलोत."

"घराखाली काय हाय मग? हवा?"

तिथून सहा महिने त्याच्या घरात दुसरा विषय नव्हता. सेलूकडचे एक निवृत्त हेडमास्तर त्याच्या ओळखीचे. कुठल्याशा हॉटेलात परदेशी फ्लॅटांचं प्रदर्शन होतं, तिथं चहा-बिस्किटं खाऊन वाळवंटातल्या एका शहरात बुकिंग करून बसले. वर्षानं पुतण्या बघायला गेला. बिल्डिंगीच्या जागी वाळू, आणि वाळूत पाटी. भुजंगराव ही गोष्ट रोज नव्या माणसाला सांगायचा आणि बोट वर करायचा. "चित्र बगून नवरी करू नये आन चित्र बगून घर घेऊ नये. विकणाऱ्याचा वकील तो आपला वकील न्हाई. पैसा जायचा तर बँकेतून जाईल, कशासाठी चालला ते लिहून. आन न समजणाऱ्या भाषेत सही म्हंजे आंगठाच." सुषमाला रोज प्रश्न जायचे. घरावर कर्जाचा, कुणाच्या हक्काचा बोजा आहे का? ती मेली तर वारस कोणत्या कायद्यानं लागतील? "शुभ बोला की!" अनुसयावहिनी आतून ओरडायच्या. "शुभ बोलून बयनामा होत न्हाई," हा ओरडायचा.

एक गोष्ट कळल्यावर मात्र तो दिवसभर खूश होता. तिथं म्हणे खरेदीखतावर सही व्हायच्या आधी नोटरी अख्खा कागद मोठ्यानं वाचून दाखवतो. घेणाऱ्याला भाषा येत नसली तर दुभाषी बसवतो. "काय देश हाय!" म्हणाला. "आपल्याकडं सही आदी आन वाचायचं भांडण झाल्यावर." त्या नोटरीवर तो जळत होता, हे मी ओळखलं. जळणारा माणूस मला लगेच ओळखू येतो.

मग त्यानं हद्द केली. आपल्याकडं जमीन घेताना पेपरात जाहीर नोटीस देतात, कुणाचा हक्क असेल तर पंधरा दिवसांत हरकत घ्या म्हणून. भुजंगरावानं जर्मनीतल्या घराची नोटीस परभणीच्या पेपरात दिली. चतुःसीमेसकट. पूर्वेस बेकरी, पश्चिमेस दातांचा दवाखाना, उत्तरेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस सफरचंदाची झाडं. पेपरवाल्यानं विचारलं, "साहेब, जर्मनीतला माणूस हा पेपर वाचंल का?" भुजंगराव म्हणाला, "न वाचला तर ती त्याची चूक. आपली राहू नये."

हरकत आली. एकच. ती मी घेतली.

चौथी शिकलेला माणूस मी. दोन दिवस लागले लिहायला. 'सदर घरास माझी हरकत आहे. कारण समक्ष सांगेन.' कागद त्याच्या हातात दिला तेव्हा मला वाटलं, हसेल आणि फाडून टाकील. त्यानं त्याच्यावर तारीख टाकली. "मंगळवारी सुनावणी," म्हणाला.

मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून, पुढं लाकडी पेटी घेऊन बसला. मी हातभर अंतरावर. तरी त्यानं माझ्या नावाचा तीनदा पुकारा केला.

"हरकतदार हाजिर हाय?"

"डोळे फुटले का? समोर बसलोय की."

"हाजिर म्हणा."

"हाजिर."

"मिळकतीत तुमचा हितसंबंध काय?"

"जळतो मी."

त्याचं पेन थांबलं. "काय लिवू?"

"तेच लिवा. हरकतदार जळतो. तुमची पोरगी तुमाला बोलवायलीय. तुमची बायको चहा गार व्हायलाय म्हणून रोज तुमाला शिव्या द्यायलीय. आन आता दोघं विमानात बसून जायलाव. म्या कुणासंगं बोलू, भिंतीसंगं? जन्मभर भिंतीच बांधल्या, त्या काय बोलत्यात ते म्हाईत हाय मला."

आतून अनुसयावहिनी पदराला हात पुसत आल्या. "आवं मिस्त्रीभाऊजी, शिव्यांसाठी जळता व्हय? बसा हितंच, दोन तुमाला बी देते."

भुजंगराव हसला नाही. सगळं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. "हरकतदाराचे म्हणणे ऐकले. जळणे हा मिळकतीतील हितसंबंध होत नाही. हरकत फेटाळण्यात येते. करा सही."

मी सही केली. काय करणार, कायद्यानं तो बरोबर होता.

पण त्या घराचा सौदा तुटला. माझ्या हरकतीनं नाही, त्याच्याच प्रश्नानं. सुषमानं एजंटानं दिलेला वकील सोडून स्वतःचा केला, त्यानं जमिनीच्या रजिस्टरचा उतारा काढला. व्हिडिओवर ती वाचत होती आणि वाचता वाचता थांबली. "बाबा, जमीन चर्चची हाय. घरवाल्याला मुदतीवर दिलेली. दरसाल भाडं हाय, आन मुदत थोडीच राहिलीय."

भुजंगरावानं मांडीवर थाप मारली. "देवस्थान इनाम! मायला, हितं आर्दा तालुका ह्याच्यापायी रडला. भिंत आपली, भुई देवाची!"

मला वाटलं, पोरगी शाबासकी देईल. तिनं हातातला उतारा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला यायचंच न्हाई. म्हणून तुमी खोट काढता." आणि फोन बंद झाला. भुजंगराव चष्मा पुसत बसला, लय वेळ. मी त्या दिवशी पाव किलो जिलबी आणली आणि एकट्यानं खाल्ली. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

दोन महिन्यांनी तिनं दुसरं घर काढलं. ह्याही घराच्या शेजारी बेकरीच. भुजंगरावानं ते घर पार उलटंपालटं करून बघितलं. जमीन स्वतःची. बोजा नाही. वारसांत भांडण नाही. मीही बाजूला बसून खोट शोधत होतो. "तळघरात पाणी येत आसंल," मी म्हणालो. त्यानं तेही विचारलं. येत नव्हतं. असं घर बघून तो खरं तर खूश व्हायला पाहिजे होता. तो नुसता म्हणाला, "काय निगंना, मिस्त्री."

नोटरीनं कागद वाचला, सुषमानं सही केली. इकडं व्हिसा निघाला. ह्याचं घर एका शाळेतल्या तरुण गुरुजींनी घ्यायचं ठरवलं, पण तो व्यवहार महिनाभर अडून राहिला. मला वाटलं, आपल्या स्वतःच्या घराचे तरी तीस वर्षांचे मालक दाखव म्हणत असेल स्वतःलाच. शेवटी तोही झाला. मग तो रविवार आला, ज्या दिवशी आम्ही घर आखलं. आणि बुधवारी दुपारी ते गेले.

गाडी दारात उभी. अनुसयावहिनी माझ्या पाया पडल्या. माझ्या पाया कुणी पडावं असं मी काय केलं होतं? भुजंगराव ड्रायव्हरचं लायसन्स बघत होता. मला म्हणाला, "बराय, मिस्त्री." मी म्हणालो, "बराय." त्याच्याकडं तोंडी तेवढंच होतं.

धूळ बसायच्या आत नवे गुरुजी माझ्या दारात. हातात कागद, तोंड आंबट.

"आजोबा, तुमी काय जादू केली त्यांच्यावर? कचेरीत सगळे हसले मला."

"काय झालं?"

"ह्या एका ओळीपायी महिना गेला. मी म्हणलं काढा, ते म्हणले मग घरच राहू द्या. मी म्हणलं मग भाव कमी करा. वाटलं, हटतील. त्यांनी केला की कमी! भांडलेसुद्धा न्हाईत."

गुरुजींनी कागद पुढं धरला. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. तेच लग्नपत्रिकेचं अक्षर. 'सदर घरासमोरील ओट्यावर शेजारी मिस्त्री यांची बसण्या-उठण्याची वहिवाट पूर्वापार चालत आली असून ती त्यांच्या हयातीपर्यंत खरेदीदार यांनी अबाधित ठेवावी. तसेच दुपारी चार वाजता त्यांना घरातून चहा द्यावा व तो गार होत असल्यास आठवण करावी.'

जन्मभर बिनबोजाची मिळकत शोधणारा माणूस. त्यानं आपल्याच घरावर माझा बोजा चढवला आणि वर तोटा सोसला. आणि बायकोला, पोरीला, मला, कुणाला बोलला नाही.

"आता काय करू मी ह्याचं?" गुरुजी म्हणाले.

"सही कुणाची हाय खाली?"

"माझी."

"मंग मला काय विचारता?" मी म्हणालो आणि दार लावून घेतलं, कारण मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

कागदात वेळ दुपारी चारची लिहिलेली आहे. दुसऱ्या दिवशी मी सकाळी सातलाच जाऊन ओट्यावर बसलो.